गिटारच्या ट्यूब अ‍ॅम्पचा आवाज सुधारायचा तर आधी ट्यूब बदलाव्यात की स्पीकर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १५ वॉटचा सेकंडहँड काँबो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) घेतलाय, आत दोन ईएल८४ (स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट ट्यूब), तीन १२एएक्स७ (आधीच्या टप्प्यातल्या छोट्या ट्यूब) आणि १२ इंची स्पीकर. जाड तारांवर फरफर येते, वरचे सूर कानात टोचतात. एका जाणकारांनी सांगितलंय की ‘जुन्या जर्मन ट्यूब टाका, स्पीकरला हात लावू नका’. मग आधी काय बदलू, आणि ट्यूब कुठल्या कंपनीच्या घेऊ?

आधी स्पीकर.

खरं तर इथेच थांबायला हरकत नव्हती. पण त्या जाणकारांचं वाक्य मी याआधी ऐकलंय, जवळजवळ याच शब्दांत, त्यामुळे राहवत नाही. (ते पुण्याचे असतील आणि त्यांना सगळे ‘दादा’ म्हणत असतील, तर मला कळवू नका.)

आमच्या बँडमध्ये दादा लीड वाजवायचा, मी रिदम. सोल्डरिंगची कामं आपोआप माझ्याकडे आली, कारण माझे काका रेडिओ दुरुस्त करायचे आणि सुट्टीत मी त्यांच्या बाकड्याशी असायचो. त्या काळच्या बऱ्याच सेटमध्ये आउटपुटला हीच ईएल८४ असायची, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची. आवाजाची तक्रार घेऊन सेट आला की काका व्हॉल्व्हकडे, म्हणजे ट्यूबकडे, बघायचेच नाहीत. बाकड्याखाली एक उघडा स्पीकर पडलेला असायचा, त्याच्या तारा आधी सेटला जोडायच्या. आवाज सुधारला तर गिऱ्हाइकाचा स्पीकर गेलेला, नाही सुधारला तर पुढचं बघायचं. फुकटातली तपासणी आधी, खर्चाची नंतर.

दादाचा हात मात्र सुरेख. अजूनही आहे, नाकारण्यात अर्थ नाही. अडचण अशी की आपल्याकडे चांगलं वाजवणाऱ्याला ट्रान्सफॉर्मरपासून लाकडापर्यंत सगळंच कळतं असं लोक धरून चालतात, आणि मग त्यालाही तसं वाटायला लागतं.

आम्ही सदाशिव पेठेतल्या एका तळमजल्यावरच्या खोलीत सराव करायचो. पावसाळ्यात भिंतींना ओल यायची, अ‍ॅम्प तिथेच पडून असायचा. एका पावसाळ्याच्या शेवटी त्याला फरफर सुरू झाली. खालच्या ई आणि ए तारांवर जास्त, वरच्या तारांवर जवळपास नाहीच. दादाने लगेच निदान केलं: पहिली १२एएक्स७ मायक्रोफोनिक झालीय. मी पेन्सिलीने तिन्ही छोट्या ट्यूब एकेक करून ठोकून बघितल्या. मायक्रोफोनिक ट्यूब ठोकली की स्पीकरमधून टण्ण असं ऐकू येतं, कधी शिट्टीच लागते. इथे हलकी टकटक, बस. दादा म्हणाला, “तुझ्या पेन्सिलीला काय कळतंय.” ओळखीतल्या कोणाकडून तरी जुन्या जर्मन टेलिफुंकेन ट्यूब मागवल्या. किती पैसे गेले ते त्याने कधी सांगितलं नाही, पण त्या वर्षी त्याचा नवा पेडल घ्यायचा बेत रद्द झाला. ट्यूब आल्या, घातल्या, फरफर जशीच्या तशी. मग ईएल८४ ची नवी जोडी. तरी तीच.

आता इथे एक बारकावा आहे, तो नीट वाचा. काँबोमध्ये ट्यूब बहुतेकदा उलट्या लटकलेल्या असतात, स्पीकरच्या अगदी जवळ. स्पीकर हलला की ट्यूबही हलतात, त्यामुळे आउटपुट ट्यूबच्या आतलं काही सैल असेल तर तीही फरफरते. म्हणून अ‍ॅम्प दुसऱ्या कॅबिनेटला (नुसत्या स्पीकरच्या पेटीला) लावला आणि आवाज स्वच्छ आला, तरी दोष स्पीकरचाच असं सिद्ध होत नाही. दादाने नेमका हाच मुद्दा काढला आणि मुद्दा बरोबर होता. म्हणून मी उलटं केलं. पाचही ट्यूब काढून टेबलावर फडक्यावर ठेवल्या आणि दुसऱ्या अ‍ॅम्पची वायर या काँबोच्या स्पीकरला लावली. आत एकही ट्यूब नाही. ई तार वाजवली, फरफर हजर.

यावर दादा म्हणाला, “सॉकेट सैल असतील.”

मी काही बोललो नाही, स्पीकर काढला. दोन्ही हातांची बोटं कोनवर (स्पीकरच्या कागदी पडद्यावर) समान ठेवून हलकेच आत दाबलं, तर खस्स असं घासलेलं ऐकू आलं. ओलीने मॅग्नेटच्या फटीत गंज धरला होता आणि वॉइस कॉइल (कोनला हलवणारं तारेचं वेटोळं) त्यावर घासत होती. तपकीर गल्लीच्या, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या, आसपास कोन बदलून देणारे आहेत, तिथे दाखवला. कोन बदलून मिळाला असता, पण त्यांच्याकडे होता पीएच्या (कार्यक्रमातल्या लाउडस्पीकरच्या) स्पीकरचा. तो मी बसवू दिला नाही. कॉइल आणि कोन बदलला की गिटारच्या स्पीकरमध्ये मूळचं काय उरतं? कागदाची जाडी, कडेच्या वळ्या, त्यावरचा लेप, सगळा आवाज तिथेच असतो. नवाच घेतला.

हे का, ते थोडं सांगतो, कारण ‘स्पीकर म्हणजे नुसता आवाज बाहेर फेकणारा भाग’ या समजुतीवरच सगळा वाद उभा आहे. गिटारच्या स्पीकरचा आवाज साधारण ५,००० हर्ट्झच्या वर झपाट्याने खाली येतो आणि त्याच्या जरा अलीकडे, २,००० ते ४,००० च्या पट्ट्यात, फुगलेला असतो. हाच तुमचा सगळ्यात मोठा टोन कंट्रोल, आणि त्याला बटण नसतं. डिस्टॉर्शन लावलेली गिटार सरळ मिक्सरमध्ये घालून बघा, कानाशी डास आल्यासारखी वाजते. ट्यूब त्याच, पेडल तेच, फक्त स्पीकर गेला. याउलट दोन चांगल्या कारखान्यांच्या १२एएक्स७ घ्या: दोन्ही एकाच डेटाशीटप्रमाणे बनवलेल्या, दोन्हींचा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर (सिग्नल किती वाढवते त्याचं माप) १००. फरक असतो, पण तो ट्रेबलचं बटण थोडं फिरवून मिळतो तेवढा.

संवेदनशीलतेचंही बघा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते. सेलेस्टियन कंपनीचा ग्रीनबॅक ९८ डेसिबलचा, त्यांचाच ‘व्हिंटेज ३०’ मात्र १०० डेसिबलचा. ३ डेसिबल म्हणजे अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केल्यासारखं; इथे २ चा फरक आहे, म्हणजे नुसत्या स्पीकरने १५ वॉटचा अ‍ॅम्प २५ च्या जवळ जाऊ शकतो. ट्यूबने हे होत नाही. तुम्हाला वरचे सूर टोचतायत, तर व्हिंटेज ३० च्या वाटेला जाऊ नका, त्याचा फुगवटा नेमका टोचणाऱ्या जागी आहे. ग्रीनबॅक २५ वॉटचा आहे, तुमच्या अ‍ॅम्पला चालेल. मोठ्याने वाजवत असाल तर ६५ वॉटचा क्रीमबॅक बरा.

तर नवा स्पीकर बसला, फरफर गेली. पहिले काही दिवस आवाज जरा आखडलेला होता, मग हळूहळू मोकळा झाला. नव्या स्पीकरचा स्पायडर (कोनला मागून धरणारी जाळी) आणि कडा वाजवून सैलावतात, त्यात नवल नाही. दादा एका संध्याकाळी वाजवता वाजवता थांबला आणि समाधानाने म्हणाला, “बघ, आता ट्यूब बसल्या.”

तेव्हापासून तो नव्या मुलांना ही गोष्ट सांगतो. त्यात जर्मन ट्यूब येतात, काही आठवड्यांनी अ‍ॅम्प उमलतो, आणि स्पीकरचा उल्लेखही नसतो. त्या ट्यूब वाईट होत्या असं मी कधीच म्हटलं नाही. चांगल्याच होत्या. एवढ्या चांगल्या ट्यूब आजारी नसलेल्या जागी घातल्या, एवढीच माझी तक्रार होती आणि आहे.

कंपनीचं विचारलंत. गिटारवाल्यांच्या बहुतेक नव्या ट्यूब आज स्लोव्हाकिया, रशिया किंवा चीनमधून येतात. सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, टंग-सोल आणि हल्लीची मुलार्ड, सगळ्या रशियातल्या साराटोव्हच्या एकाच कारखान्यातून. इंग्लंडमधल्या जुन्या मुलार्डशी या मुलार्डचं नातं खोक्यावरच्या नावापुरतं. २०२२ मध्ये रशियाने निर्यात अडवली तेव्हा भाव भडकले, तेव्हा कळलं आपण किती थोड्या लोकांवर अवलंबून आहोत. स्लोव्हाकियाच्या जेजे घ्या, झालं. छोट्या ट्यूब तिन्ही एकदम बदलू नका. चांगली असल्याची खात्री असलेली एक १२एएक्स७ जवळ ठेवा आणि आळीपाळीने एकेका जागी घालून बघा, दोषी सापडते. तसंही त्या वर्षानुवर्षं टिकतात. ईएल८४ लवकर थकतात: आवाज दबतो, खालचे सूर पिठूळ होतात. तेव्हा जोडीच बदलायची, मॅच केलेली, म्हणजे मोजून एकसारख्या निवडलेल्या दोन.

ट्यूबने खरोखर वेगळं काही करायचं असेल तर पहिल्या जागी १२एएक्स७ ऐवजी ५७५१ घाला, तिचा फॅक्टर ७०. किंवा १२एवाय७, सुमारे ४५, जी फेंडरच्या जुन्या ट्वीड अ‍ॅम्पमध्ये असायची. डिस्टॉर्शन उशिरा येतं, पेडल मोकळे वाजतात. हा फरक दादालाही ऐकू येईल आणि त्याला जर्मनी लागत नाही.

आता पाना हातात घेण्याआधीच्या गोष्टी. आत ३०० व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते राहू शकतात. चासी (सर्किट असलेली धातूची पेटी) उघडायची सवय नसेल तर उघडू नका. मागून ट्यूब किंवा स्पीकर बदलायला ती उघडावी लागत नाही, पण ट्यूब थंड होऊ द्या. स्पीकर सुटलेला असताना अ‍ॅम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. तो जळला तर वरचा सगळा वाद संपला. जुना ८ ओहमचा असेल तर नवाही ८ चाच. मधे गिटारची वायर वापरू नका, स्पीकरचीच हवी. बायसचं (आउटपुट ट्यूबमधून सतत किती करंट वाहू द्यायचा, ते) अ‍ॅम्पवर अवलंबून आहे: व्हॉक्सच्या हल्लीच्या एसी१५ मध्ये कॅथोड बायस, तो आपोआप जमतो. फेंडरच्या ब्लूज ज्युनिअरमध्ये बायस फिक्स्ड आहे आणि तो जुळवायला काही दिलेलंच नाही. ६एल६ (मोठ्या आउटपुट ट्यूब) वाल्या फेंडर हॉट रॉड डिलक्सला ती सोय आहे, तिथे मीटर लावून जुळवावा लागतो, म्हणून दुकानात द्या. नव्या ट्यूब टाकल्यावर आतली प्लेट लालभडक दिसली तर लगेच बंद करा.

हे सगळं करण्याआधी स्पीकरचे स्क्रू, मागची फळी आणि हँडल मात्र घट्ट करून बघा. अर्ध्या फरफरी तिथेच असतात. आणि सेकंडहँड स्पीकर घेताना मल्टिमीटर नेलात तर ८ ओहमचा स्पीकर त्यावर साडेसहाच्या आसपास दाखवेल. तो बरोबर आहे, विकणाऱ्याशी भांडू नका.