शब्दांची पारख: नेभळट, मिळमिळीत, नाजूक

प्रश्न: ‘निसर्ग वादळात वाडीतल्या पोफळी नेभळट ठरल्या’ असं एका विद्यार्थ्यानं निबंधात लिहिलं. मी ‘नेभळट’ खोडून ‘दुबळ्या’ केलं. त्यानं समानार्थी शब्दांची यादी पुढं केली, तिच्यात दोन्ही शब्द शेजारी शेजारी! त्याला काय सांगू?
(एक शिक्षिका, दापोली)

उत्तर: ‘नेभळट’ खोडलंत ते योग्यच केलंत. पण ‘दुबळ्या’ही तिथं पुरता बसत नाही.

नेभळट हा स्वभावावरचा शेरा आहे. उभं राहता आलं असतं, बोलता आलं असतं, पण धमक दाखवली नाही, तो नेभळट. दुबळ्याच्या अंगात मुळात बळच नसतं. मुलांना एक सोपी कसोटी द्या: शब्दाच्या आधी ‘ताकद असूनही’ लावून बघायचं. ‘ताकद असूनही नेभळट’ जमतं, ‘ताकद असूनही दुबळा’ जमत नाही. पोफळीला धमक दाखवायची की नाही, हा प्रश्नच नसतो. ती उंच, खोड बारीक, मुळं फार खोल न जाणारी आणि झावळांचा सगळा भार शेंड्याला. निसर्ग चक्रीवादळाच्या, ३ जून २०२० च्या वाऱ्यानं तो शेंडाच धरला. अशा झाडाला मराठीत फार सुंदर शब्द आहे, शेलाटं. ‘वाऱ्यापुढं शेलाट्या पोफळींचा टिकाव लागला नाही’ असं वाक्य करून द्या. बारीकपणाचेही सगळे शब्द सारखे नाहीत. शेलाटा म्हणजे कौतुक, सडपातळ म्हणजे नुसतं वर्णन, किडकिडीत म्हटलं की नापसंती आली.

त्या यादीत बहुधा शेळपट, लेचापेचा, मुळमुळीत, गुळमुळीत हेही असतील. शेळपटाच्या मुळाशी भीती आहे. शब्दातली शेळीच ते सांगते. लेचापेचा हा कुवतीबद्दलचा शब्द, आणि तो शोभतो नकारात: ‘पावसाळ्यात खाडीत होडी घालणं लेच्यापेच्याचं काम नाही.’ इथं मुलं हमखास चुकतात. या शब्दाचे दोन्ही भाग बदलतात: लेचीपेची, लेचेपेचे, लेच्यापेच्या. ‘लेचापेच्याचं’ असं अर्धवट रूप लिहू नये.

मुळमुळीत आणि गुळमुळीत यांत तर लोक सर्रास गफलत करतात. ग्रामसभेत पाखाडीबद्दल, म्हणजे गावातल्या दगडी पायवाटेबद्दल, विचारलं, “पाखाडीचं काम कधी होणार?” उत्तर आलं, “बघू, विषय घेऊ, होईल काहीतरी.” हे गुळमुळीत. धड ‘हो’ही नाही, धड ‘नाही’ही नाही. मनातलं राखून ठेवलेलं. दुसरा कुणी म्हणाला, “यंदा पैसे नाहीत हो,” पण असा मान खाली घालून, पुटपुटत, की कुणी लक्षच दिलं नाही. हे मुळमुळीत. तो खरं बोलला, बोलण्यात जोर नव्हता. गुळमुळीतात लबाडी असू शकते, मुळमुळीतात ती असावीच लागत नाही. एखाद्या साध्या माणसाला गुळमुळीत म्हणणं म्हणूनच अन्यायाचं होतं.

लिहिताना दोन्हींत ‘ळी’ दीर्घ, कारण तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) नसलेल्या अकारान्त शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, इकार दीर्घ लिहायचा. आधीचे उकार ऱ्हस्वच.

प्रश्न: सोलकढी बिघडली की आमच्याकडे कुणी अळणी म्हणतं, कुणी सपक, कुणी पाणचट, कुणी मिळमिळीत. एकच ना?
(एक वाचक, मालवण)

उत्तर: एक नाही. प्रत्येक शब्द वेगळी चूक दाखवतो, आणि म्हणून उपायही वेगळा. मीठ राहिलं तर अळणी. चिमूटभर घातलं की सुधारते. नारळाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिळाचंच दूध जास्त झालं तर पाणचट. थोडं पहिल्या पिळाचं दाट दूध घालावं. लसूण-मिरची कमी पडली तर सपक. आणि सगळं घालूनही कुठलीच चव वर येत नाही, ती मिळमिळीत. तिचं कारण बहुतेक वेळा आमसुलांत असतं: जुनी, किंवा नीट न भिजलेली. एका मध्यम नारळाच्या दुधाला आठ-दहा आमसुलं, कोमट पाण्यात निदान अर्धा तास भिजवून, हातानं कुस्करून. आगळ (कोकमाचा रस) वापरत असाल तर त्यात बहुतेक वेळा आधीच मीठ असतं. चाखल्याशिवाय वरून घालू नका.

जिभेवरचे हे शब्द पुढं माणसांकडे गेले, पण आपापला अर्थ घेऊन. विनोद पाणचट होतो, अळणी सहसा होत नाही. सगळे मुद्दे असून न भिडणारं भाषण मिळमिळीत. मचूळ मात्र पाण्यालाच ठेवा, खाडीलगतच्या विहिरीच्या.

स्पर्शाच्या शब्दांतही असंच जपावं लागतं. लिबलिबीत बांगडा घेऊ नये. ताज्या बांगड्यावर बोट दाबलं की खळगा लगेच भरून येतो. ओला बोंबील ताजाच मुळी लिबलिबीत असतो, म्हणून तर चिरून, फडक्यात घालून, वजनाखाली ठेवून त्याचं पाणी काढल्यावर तळतात. एका माशाचा दोष तो दुसऱ्याचा धर्म.

प्रश्न: दशावतारातल्या स्त्रीपार्टी (स्त्रीची भूमिका करणाऱ्या) नटावर लिहितो आहे. ‘नाजूक’ लिहिलं तर तो कमीपणा होईल का? ‘बायकी’ चालेल का?
(एक वाचक, देवगड)

उत्तर: नाजूक हा फारसीतून आलेला शब्द. तो काम, नक्षी, हालचाल यांना लागला की कौतुकच करतो. ‘नाजूक हात फिरवला’ असं खुशाल लिहा. प्रकृती किंवा प्रकरण नाजूक झालं की अर्थ काळजीचा होतो, तेवढं ध्यानात ठेवावं. ‘नाजूक-साजूक’ लिहिलंत की टोमणा आलाच: कष्टाला न लागलेला, वारा लागला तरी कोमेजणारा.

‘बायकी’ आवाजाचं वर्णन म्हणून चालतं, पण स्त्रीपार्टीत तो त्या नटानं कमावलेला आवाज आहे हेही लिहा. ‘बायल्या’ मात्र लिहू नका. भित्रेपणा सांगायचा तर शेळपट आहे, कचखाऊ आहे. त्यासाठी बायकांना मध्ये आणायचं कारण नाही.

अभिनय फार घोटून निर्जीव झाला असेल तर ‘गुळगुळीत’ म्हणा. वरवर लाडाचा वाटला तर ‘लाडिक’. आणि तोच लाड मनापासूनचा वाटला असेल तर शब्द आहे ‘लडिवाळ’.