घरी फोटो क्रॉप करायला, उजेड वाढवायला, साइज कमी करायला फुकट सॉफ्टवेअर कोणतं?

एवढ्याच कामाला विंडोजवर पेंट डॉट नेट घ्या. मी हेच वापरतो, हलकं आहे, पटकन उघडतं आणि लेयर्स (फोटोवर एकावर एक वेगळे थर ठेवून काम करणं) पण मिळतात, फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवरून डाउनलोड करा कारण मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये त्याच सॉफ्टवेअरचे पैसे लागतात. मॅक किंवा लिनक्स असेल तर गिम्प, १९९६ पासून चालू आहे, ओपन सोर्स आहे (म्हणजे कोड सगळ्यांना खुला आणि फुकट) त्यामुळे ट्रायल संपली वगैरे भानगड नाही, पण नुसतं क्रॉप करायला म्हणजे मुंगी मारायला तोफ. आणि त्यात सेव्ह केलं की गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल बनते, जेपीजी हवी असेल तर फाइल मेनूतून एक्सपोर्ट करावं लागतं, नवीन माणूस हमखास इथेच अडकतो. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं, फोटोशॉपची पीएसडी फाइल पण उघडते, बाजूला जाहिराती दिसतात तेवढ्या सहन करायच्या. हे सगळं साध्या जेपीजी फोटोंसाठी सांगतोय, कॅमेऱ्यातून रॉ फाइल (जेपीजी न बनवलेला कच्चा फोटो) काढत असाल तर डार्कटेबल बघा, तेही फुकटच आहे पण शिकायला वेळ जातो.