केल्टिक नाण्यांवरचा चेहरा बिघडलेला नाही, बदललेला आहे

पॅरिसी या आजच्या पॅरिस परिसरातल्या केल्ट टोळीच्या सोन्याच्या नाण्याचा फोटो पाहून तुम्ही विचारलंत, की ग्रीक नाण्याची नक्कल कारागिराला जमली नाही म्हणून चेहरा असा विस्कटला का? माझं उत्तर ठाम 'नाही' असं आहे.

मूळ नमुना मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपचा (इ.स.पू. ३५९–३३६) सोन्याचा स्टेटर, म्हणजे ग्रीक नाण्याचा एक प्रकार. एका बाजूला पानांची माळ डोक्यावर असलेला अपोलो, दुसऱ्या बाजूला दोन घोड्यांचा रथ. भाडोत्री केल्ट सैनिकांच्या पगारातून तो गॉलमध्ये (साधारण आजच्या फ्रान्समध्ये) पोचला असावा. सुरुवातीच्या नकला मुळाच्या बऱ्याच जवळ आहेत. पुढे चेहरा आक्रसत गेला, केस आणि पानं पसरत गेली. ब्रिटनमधल्या कित्येक स्टेटरवर तर चेहरा उरलाच नाही, नुसता पानांचा पट्टा. दोन घोड्यांचा एक झाला आणि रथाचं फक्त चाक राहिलं.

आता तो घोडा निरखून बघा. सांध्यांच्या जागी ठिपके, पाय जवळजवळ सुटे, मान म्हणजे एकच कमान, आणि तरीही तो धावतोय! कच्च्या हाताला हे जमत नाही. हीच वळणं ला तेन शैलीच्या, म्हणजे केल्टांच्या लोहयुगीन कलाशैलीच्या, ढालींवर आणि तलवारींच्या म्यानांवरही भेटतात. शिवाय गॉलचा सरदार व्हर्सिंजेटोरिक्स याच्या नावाच्या नाण्यांवर (रोमविरुद्धचं त्याचं बंड इ.स.पू. ५२ मधलं) तरुणाचा अगदी रेखीव चेहरा आहे. म्हणजे हवा तेव्हा गॉलमध्ये तसाही चेहरा कोरला जात होता.

एक मात्र सांभाळा. चित्र उमटवणारा ठसा बहुधा नाण्याच्या कोऱ्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे नाण्यावर चित्राचा तुकडाच उमटे. एकाच नाण्यावरून मत बनवू नका. त्याच ठशाची इतर नाणी शोधून शेजारी ठेवा, मग चित्र पुरं होतं. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर २०१२ मध्ये सापडलेला सुमारे ७०,००० नाण्यांचा साठा म्हणूनच मोलाचा आहे. त्यातली बहुतेक वायव्य गॉलमधल्या कोरिओसोलिटीस टोळीची आहेत.

आपल्याकडच्या मध्ययुगीन गधैया नाण्यांवरही इराणच्या ससानी राजाचा मुखवटा आणि अग्निवेदी अशाच ठिपक्या-रेघांत विरघळल्या. पण तिथे मला मुख्यतः गळतीच दिसते. पॅरिसींनी भर घातली आहे: तुमच्याच फोटोत घोड्याच्या वर जी पंख्यासारखी जाळी आहे, ती फिलिपच्या नाण्यावर कुठेच नाही.