मी स्वतःच प्यायले होते, मग तक्रार कुठल्या तोंडाने करू?

हा प्रश्न घेऊन मुली सारख्या येतात, म्हणून एकीचं सांगते, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. पुण्यात नोकरी, मित्राच्या फ्लॅटवर पार्टी, व्होडका जास्त झाली, उलट्या झाल्या, ओळखीतल्याच एकाने तिला आतल्या खोलीत नेऊन झोपवलं आणि सकाळी जाग आली तेव्हा काय झालंय ते तिला अंगावरूनच कळलं. तो म्हणे तू नाही म्हणालीच नाहीस, आणि मीपण फुल होतो. ती दुसऱ्याच दिवशी आली आणि एकच धरून बसलेली, मॅडम, मला कोणी जबरदस्तीने पाजली नव्हती ना.

अगं, नव्हती पाजली, तरी त्याने काही फरक पडत नाही! भारतीय न्याय संहितेचं बलात्काराबद्दलचं कलम ६३ बघ, नशेमुळे काय चाललंय आणि त्याचा परिणाम काय हे बाईला कळत नसेल तर तिने हो म्हटलेलंसुद्धा संमती धरत नाहीत, मग ती दारू तिची ती प्यायली असली तरी. अंगाने विरोध केला नाही एवढ्यावरून संमती होती असंही म्हणता येत नाही. आणि त्याचं 'मीपण फुल होतो', तर स्वतःहून प्यायलेल्याला शुद्धीत असल्यासारखीच जाण होती असं कलम २४ धरून चालतं.

पण खरं तेही सांगायला हवं, दोन पेग घेतले म्हणजे संमती आपोआप रद्द होत नाही. आठवत नाही एवढंही कोर्टात पुरत नाही, कारण ब्लॅकआउटमध्ये माणूस चालतो बोलतो, फक्त मेंदूत ते साठत नाही. म्हणून तिला उलट्या होताना कोणी बघितलं, तिला धरून कोणी नेलं, सकाळचे त्याचे मेसेज, हे सगळं फार महत्त्वाचं ठरतं. चॅट डिलीट करू नका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा.

तिला मी आधी हॉस्पिटलला पाठवलं, कारण रक्त-लघवीतली दारू लवकर उतरते आणि गर्भ राहू नये म्हणूनची गोळी, एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं. उपचार सरकारी काय खाजगी काय, फुकटच द्यावे लागतात, आधी एफआयआर आणा असं म्हणता येत नाही. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, पण जबाब द्यायचा की नाही ते तिने ठरवायचं. तिने थोडे दिवस घेतले, मग वकील घेऊन घराजवळच्याच पोलीस स्टेशनला झिरो एफआयआर केली, म्हणजे गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी कुठल्याही स्टेशनला नोंदवता येते ती तक्रार. लगेच मदत हवी असेल तर ११२ किंवा १८१ ला फोन करा.