पूर-वादळात लॅबमधल्या प्राण्यांना सोडून का देत नाहीत?

तुम्ही विचारलंय की मोठं वादळ किंवा पूर येणार असं कळलं की लॅबमधल्या प्राण्यांचं काय करतात, आणि वाचवता येत नसतील तर निदान पिंजरे उघडून सोडून का देत नाहीत बिचाऱ्यांना. मी नऊ वर्षं अ‍ॅनिमल हाऊसमध्ये काम करतेय, खाणंपाणी बघणं, पिंजरे बदलणं, कोण मलूल दिसतंय ते टिपून ठेवणं हे माझं रोजचं काम, तर जे पाहिलंय त्यावरून सांगते.

सोडून देण्याचं आधी. लॅबचा उंदीर हा घरात फिरणारा उंदीर नव्हे. कित्येक पिढ्या तो २० ते २६ डिग्रीच्या खोलीत, गाळलेल्या हवेत, आयतं समोर आलेलं खाऊन वाढलेला असतो, काहींना तर प्रतिकारशक्तीच नसते कारण संशोधनासाठी तसेच तयार केलेले असतात. भर पावसात बाहेर सोडला तर तो गारठून नाहीतर बुडून मरणार, आणि तेही हाल होऊन. शिवाय काहींना मुद्दाम कुठल्यातरी जंतूची लागण केलेली असते. मकाक माकडांमध्ये हर्पीज बी नावाचा विषाणू असू शकतो, माकडाला त्याचा फारसा त्रास होत नाही पण चाव्यातून किंवा ओरखड्यातून माणसाला झाला तर जिवावर बेततं. असं माकड पुरात अडकलेल्या लोकांमध्ये कसं सोडणार?

आता मुख्य गोष्ट. वादळाच्या रात्री करण्यासारखं फार थोडं उरतं, प्राणी जगणार की नाही हे बरंचसं ती खोली कुठे बांधली आणि जनरेटर कुठे ठेवला यावर आधीच ठरलेलं असतं. जून २००१ मध्ये अ‍ॅलिसन नावाच्या वादळाने ह्यूस्टनमध्ये इतका पाऊस पाडला की तिथल्या मेडिकल सेंटरची तळघरं पाण्याने भरली, आणि प्राणी नेमके तळघरात होते. टेक्सास विद्यापीठाच्या तिथल्या आरोग्य केंद्रात ७८ माकडं, ३५ कुत्रे, शेकडो ससे आणि हजारो उंदीर बुडाले, शेजारच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनचे ३०,००० वर उंदीर गेले. तळघर का, तर तिथे उजेड-आवाज कमी, तापमान सांभाळायला सोपं आणि बाहेरच्यांची ये-जा नसते. कारणं पटण्यासारखी आहेत, पण पाण्यापुढे त्यातलं एकही कामाचं नाही. बरं इतकं होऊनही २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कमध्ये परत तेच झालं, तिथल्या विद्यापीठाच्या संशोधन इमारतीच्या तळघरातले हजारो उंदीर गेले. हे वाचलं की मला अजून राग येतो.

पाणी शिरलं नाही तरी वीज जाते, आणि ते मी स्वतः भोगलंय. (जागेचं नाव सांगत नाही.) हल्ली उंदरांचे पिंजरे बंद असतात, प्रत्येकाला रॅकमधून ब्लोअरने वेगळी हवा मिळते. वादळाच्या रात्री आम्ही दोघंच थांबलेलो, लाइट गेली, जनरेटर लागला आणि पाऊण तासात बंद पडला. दर आठवड्याला तो चालू करून बघायचे पण कधी पूर्ण लोड टाकून बघितलाच नव्हता. ब्लोअरची घरघर थांबली की खोली इतकी शांत होते की पोटात खड्डा पडतो, कारण पिंजऱ्यात कार्बन डायऑक्साइड साठायला लागतो आणि एसी बंद असल्याने हजारो जिवांच्या अंगाच्या ऊबेनेच खोली तापत जाते. टॉर्च तोंडात धरून एकेक पिंजरा रॅकमधून ओढायचा, वरचं झाकण तिरकं करायचं म्हणजे जाळीतून हवा लागते, उंदीर आतच राहतो, पुढचा पिंजरा. खोलीची स्वच्छता गेली तर जाऊ दे असं व्हेट मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलेलं. वरच्या ओळीतले उंदीर पोट जमिनीला टेकवून पसरलेले आणि हनुवटीखालचे केस ओले, कारण उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, फार गरम झालं की तो लाळ अंगाला फासतो. ते ओले केस दिसले की समजायचं वेळ थोडा आहे. गरम हवा वर जाते म्हणून वरून सुरुवात करायला हवी होती, आम्ही हाताशी येतील तसे खालून काढत गेलो आणि वरचे अकरा पिंजरे गेले. एका पिंजऱ्यात चार दिवसांची पिल्लं होती.

त्यानंतर आमच्याकडे बरंच बदललं. इशारा आला की आधी सगळ्यांना बाटल्या लावतो, कारण नळीच्या ऑटोमॅटिक पाण्यावर तेव्हा भरवसा ठेवता येत नाही, प्रेशर गेलं तर प्राणी तहानलेले राहतात आणि व्हॉल्व्ह गळायला लागला तर पिंजराच भरतो. पाण्यावाचून उंदीर जास्त दिवस काढत नाही, म्हणून पाण्याची जेलची पाकिटंही टाकून ठेवतो. माशांचं उलटं, झेब्राफिशला खाणं बंदच करायचं, कारण फिल्टर बंद असताना उरलेलं खाणं आणि विष्ठा यांनी पाण्यात अमोनिया वाढतो, उपाशी ते काही दिवस सहज राहतात, फक्त बॅटरीवरचे एअर पंप हवेत. कोण थांबणार हे आधी विचारून ठरतं, ज्याच्या घरी लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे त्याला थांबवत नाहीत, आणि पाणी शिरलेल्या खोलीत कोणीही उतरायचं नाही हे लेखी आहे.

आणि जे कोणी बोलत नाही ते पण सांगते. अमेरिकेतल्या लॅब अ‍ॅनिमलच्या गाइडमध्ये, २०११ च्या आठव्या आवृत्तीत, लिहिलंय की ज्यांना हलवता किंवा वाचवता येणार नाही त्यांना वेदना न होता मरण द्यावं. ऐकायला वाईट वाटतं. पण अंधारात नाकापर्यंत पाणी चढताना बघत बसण्यापेक्षा ते मला मान्य आहे, अट एवढीच की निर्णय कोण घेणार आणि औषध कुठे ठेवलंय हे आधी ठरलेलं असावं, रात्री दोन वाजता घाबरलेल्या केअरटेकरवर ते टाकू नये.

दुर्मिळ जातीच्या उंदरांचे भ्रूण आणि शुक्राणू गोठवून दुसऱ्या गावी ठेवायची सोय आता आहे. १९४७ मध्ये दुष्काळात पेटलेल्या वणव्यात अमेरिकेतल्या बार हार्बरची, संशोधनासाठी उंदीर वाढवणारी जॅक्सन लॅब जळाली तेव्हा ती नव्हती, तिथून पूर्वी उंदीर नेलेल्या शास्त्रज्ञांनी आपल्याकडचे परत पाठवले आणि त्यातून पुन्हा वंश उभे राहिले. म्हणजे संशोधन परत उभं राहतं, पण त्या पिंजऱ्यातला जीव काही परत येत नाही, म्हणून गोठवून ठेवलंय म्हणून निर्धास्त राहणारे लोक भेटले की मी भांडते.

तुमच्या ओळखीत कोणी अशा ठिकाणी असेल तर एवढं विचारा: प्राणी कुठल्या मजल्यावर आहेत, जनरेटर आणि त्याचा डिझेल पंप कुठल्या मजल्यावर आहे, आणि पूर्ण लोडवर तो शेवटचा कधी चालवला. तिसऱ्याचं उत्तर लगेच आलं नाही तर उद्याच चालवून बघायला सांगा.