रविवारचं हसू

प्रश्न : शेताच्या धुऱ्याच्या (बांधाच्या) वादातून जावेशी तीन वर्षं अबोला आहे. रविवारी उपासनेनंतर मात्र मी तिला हसून ‘जय ख्रिस्त’ म्हणते. माझीच मला लाज वाटते. काय करू?
– एक बहीण, दारव्हा तालुका

उत्तर : बाई, लाज वाटते हे बरंच आहे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, प्रेमात ढोंग नको. तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचं नातं नाटकातल्या नटाशी आहे. नणंदेपुढे माझंही सोंग बरीच वर्षं चाललं. (तिच्या हातची भाजी मला अजून आवडत नाही, ते जाऊ द्या.) एकदा ऐन वेचणीत ती तापाने पडली. तिच्या वावरात तीन सकाळी कापूस वेचला, तोही रागातच. चौथ्या दिवशी ती भाकर-ठेचा घेऊन आली. तुमच्या जावेचं वावर धुऱ्यापलीकडेच आहे ना? मोजणी मात्र करून घ्या, ती सोडू नका.