हॉब्ज आधी की लॉक?

अरे, हॉब्ज आणि लॉक हे सतराव्या शतकातले इंग्रज राजकीय विचारवंत वाचायला घेतोयस ना? मग पहिल्याच दिवशी हॉब्जचा जाडजूड ग्रंथ ‘लेव्हायथन’ उघडू नकोस. लॉकच्या सरकारविषयीच्या दुसऱ्या निबंधातलं नववं प्रकरण घे, छोटंसंच आहे. निसर्गावस्थेत, म्हणजे सरकारच नसताना, माणूस मोकळा होता, मग सरकार कशाला हवं? लॉक तीन उणिवा सांगतो: सर्वांना ठाऊक असलेला पक्का कायदा नाही, निःपक्ष न्यायाधीश नाही, निकाल अमलात आणणारी ताकद नाही. तिथला ‘मालमत्ता’ शब्द मात्र जपून वाच. त्यात जीव आणि स्वातंत्र्यही येतं. मी वर्षभर नुसता जमीनजुमला समजत बसलो होतो!

मग हॉब्ज. १६४९ मध्ये इंग्लंडच्या राजाचं मुंडकं उडालं, १६५१ मध्ये हे पुस्तक आलं. त्या काळातली इंग्लंडमधली यादवी डोळ्यांपुढे ठेवलीस, की हॉब्जची अराजकाची भीती उमगेल.